सकाळचा पांढरा धूर आणि पहिलं दीड मिनिट

विचारलंय ते थोडक्यात असं: चार सिलिंडरची कॉमन रेल डिझेल व्हॅन (‘रेल’ नावाच्या एकाच दाबाच्या नळीतून चारही सिलिंडरना डिझेल देणारी), सव्वादोन लाख किलोमीटर झालेली. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागते, पण लागल्यावर मिनिट-दीड मिनिट थरथरते, मिसिंग मारते आणि सायलेन्सरमधून डोळे चुरचुरतील असा पांढुरका धूर सोडते. मग एकदम शांत. दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही तक्रार नाही. डिझेल फिल्टर बदलून झाला, बॅटरी नवी टाकून झाली, आणि आता चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, बदलायला सांगितलंय. बदलावेत का?

आत्ता नाही. इंजेक्टर निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही, कदाचित एखादा निघेलही. पण ज्याने हा सल्ला दिला त्याने तुमची गाडी बहुतेक गरम झाल्यावरच पाहिली असणार. तुम्ही ती चालवत गॅरेजपर्यंत नेलीत, म्हणजे दोष वाटेतच विरघळला. थंड इंजिनाचा दोष दिवसातून एकदा दिसतो, तोही दीड मिनिट. ते दीड मिनिट कुणी हातात मीटर घेऊन पाहिलं नसेल, तर पुढचं सगळं अंदाजपंचे आहे. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला सोडा आणि सकाळी मेकॅनिक समोर असल्याशिवाय कुणी चावी फिरवू नका. नाहीतर स्वतःच्या दारात तपासा. यातलं बरंचसं घरी करता येतं.

आधी हे समजून घ्या की थरथर आणि धूर हे दोन वेगळे आजार नाहीत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत, आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. गरम इंजिनात ही हवा सहज ५०० अंशांच्या वर जाते. थंड इंजिनात सेल्फ हळू फिरवतो, थोडी हवा रिंगांच्या फटीतून निसटते, उरलेल्या हवेतली उष्णता थंडगार लोखंड शोषून घेतं. तीन सिलिंडर कसंबसं पेट घेतात, चौथा घेत नाही. त्याचं डिझेल मात्र फवारलं जातच असतं. ते न जळता बारीक थेंबांच्या धुक्यासारखं सायलेन्सरमधून बाहेर पडतं, तोच तुमचा डोळे झोंबवणारा पांढरा धूर. आणि चारातला एक काम करत नाही म्हणून गाडी थरथरते. त्या सिलिंडरच्या भिंती तापल्या की तोही कामाला लागतो आणि तक्रार मिटते. तेव्हा प्रश्न दोनच: कोणता सिलिंडर, आणि त्याला कमी काय पडतंय? उष्णता, दाब, की नीट फवारलेलं डिझेल?

त्याआधी धुराची खात्री करून घ्या, कारण पांढऱ्या धुराचा दुसरा अर्थ फार महागात पडतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जळत असेल तरी धूर पांढराच असतो. फरक वासात आहे. कच्च्या डिझेलचा वास उग्र असतो, डोळ्यांतून पाणी काढतो. कूलंटचा वास गोडसर असतो आणि धूर वाफेसारखा, ओलसर. हेड गॅस्केट (इंजिनाचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवलेला धूर कूलंटने थंड करणारा भाग) बारीक गळत असेल तर रात्रभर एखाद्या सिलिंडरमध्ये चमचाभर पाणी उतरतं, सकाळी तो सिलिंडर मिसिंग मारतो, पाणी उडून गेलं की सुरळीत चालतो. म्हणजे लक्षण हुबेहूब तुमच्यासारखं! म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करा आणि आठवडाभर बघा. रात्रभर थांबलेल्या गाडीच्या टाकीचं झाकण उघडताना जोरात फुस्स झालं, तर ज्वलनातला वायू कूलंटमध्ये शिरतोय असा संशय घ्यायला जागा आहे. पातळी घटत असेल तर बाकी सगळं सोडून आधी कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट करून घ्या. पाणी जास्त उतरलं आणि सेल्फ मारला तर पिस्टनला ते दाबता येत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. सकाळी सेल्फ मारताना इंजिन मध्येच ठप्प अडकल्यासारखं झालं, तर दुसऱ्यांदा चावी फिरवायची नाही.

निळसर धूर म्हणजे ऑइल. व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्री झिरपलेलं ऑइल सकाळी एक भपका देतं आणि संपतं. त्यात थरथर सहसा नसते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडीला डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळी अडकवणारा फिल्टर) असेल आणि तो शाबूत असेल तर काळी काजळी त्यात अडकते, बाहेर दिसत नाही. कच्च्या डिझेलची वाफ मात्र त्यातून निघून जाते. म्हणून डीपीएफवाली गाडी काळा धूर सोडत असेल तर आधी तो डीपीएफ फुटलाय का, किंवा कुणी आतून रिकामा करून ठेवलाय का, ते बघावं लागतं.

आता सकाळचं काम. चावी फक्त ऑनपर्यंत न्या, सेल्फ मारू नका, आणि स्कॅनरवर तीन तापमानं वाचा: कूलंटचं, आत येणाऱ्या हवेचं आणि डिझेलचं. साधा ओबीडी स्कॅनरही (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा) निदान पहिली दोन दाखवतो. रात्रभर उभ्या गाडीत सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं, म्हणून हे आकडे एकमेकांपासून दोन-तीन अंशांच्या आत हवेत. बाकी दोन १४-१५ दाखवतायत आणि कूलंट म्हणतंय ५५, तर सेन्सर खोटं बोलतोय. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन कोमट आहे. ते हीटर प्लगला (प्रत्येक सिलिंडरमध्ये बसवलेली, विजेने तापणारी कांडी) वेळ कमी देतं, सुरुवातीचं डिझेल कमी देतं, फवारण्याची वेळही गरम इंजिनाची लावतं. अशा सेन्सरवर चेक लाइट येईलच असं नाही, कारण ५५ हा आकडा अशक्य नाही, फक्त चुकीचा आहे. या तपासणीला दोन मिनिटं लागतात, आणि मी ती वगळून एकदा अख्खी सकाळ घालवलेली आहे.

त्यानंतर हीटर प्लग. तुमची लक्षणं वाचून माझा पहिला संशय इथेच जातो, आणि तुमच्या यादीत त्याचा उल्लेखही नाही. बहुतेकांचा समज असा की हीटर प्लग गाडी लागावी म्हणून असतात. गाडी लागतेय, म्हणजे प्लग ठीक. आजच्या थेट फवारणीच्या इंजिनांत हे खरं नाही. हवेत फारसा गारठा नसेल तर एक-दोन प्लग मेलेले असतानाही ही इंजिनं लागतात. प्लगचं दुसरं काम लागल्यानंतरचं असतं. इंजिन चालू झाल्यावरही ईसीयू प्लगना करंट देत राहतं, तापमानानुसार काही सेकंदांपासून दोन-तीन मिनिटांपर्यंत. उद्देश एकच: थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट पेटावं, धूर आणि खडखड कमी व्हावी. तिसरा प्लग मेला असेल तर तिसरा सिलिंडर ते मिनिट-दीड मिनिट एकटाच थंडीशी झगडत असतो. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारख्या खुणेचा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असंही समजू नका. तो दिवा बहुतेक गाड्यांत फक्त कंट्रोलरने ठरवलेला वेळ दाखवतो, प्लगचं टोक किती तापलं ते त्याला माहीत नसतं. तपासायचे तर प्लगवरची वायर किंवा पट्टी काढून प्लगच्या टोकापासून इंजिनाच्या बॉडीपर्यंत रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग थंड असताना साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. मीटरने काहीच दाखवलं नाही, म्हणजे आतली तार तुटली, प्लग मेला. इतकं कमी मोजताना मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी मोजून वजा करायला विसरू नका, नाहीतर चांगला प्लग संशयित ठरतो.

मला रेझिस्टन्सपेक्षा क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) भरवसा जास्त. प्लगना जाणाऱ्या जाड वायरला डीसी क्लॅम्प लावा आणि चावी ऑन करा. साध्या १२ व्होल्टच्या मेटल प्लगमध्ये सुरुवातीला करंट बराच चढतो आणि प्लग तापत जाईल तसा उतरून एका प्लगमागे साधारण १० अँपियरच्या घरात स्थिरावतो; चारांचे मिळून ४०च्या आसपास. तीसवर स्थिरावला तर एक मेलेला, वीसवर तर दोन. आकडा मेकनुसार थोडा इकडेतिकडे होतो, पण हा पायरीपायरीने पडणारा फरक लपत नाही. आणि बराच वेळ धरून ठेवा, चावी ऑन केल्यावरही आणि इंजिन लागल्यावरही. लागताक्षणी करंट शून्यावर आला तर नंतर तापवण्याचं काम होतच नाहीये, आणि दोष प्लगमध्ये नसून रिलेत (प्लगना करंट जोडणाऱ्या स्विचमध्ये), कंट्रोलरमध्ये किंवा त्या खोटारड्या तापमान सेन्सरमध्ये आहे. नवीन गाड्यांत ५-७ व्होल्टवर चालणारे प्लग असतात, त्यांना कंट्रोलर तुकड्या-तुकड्यांनी करंट देतो. असा प्लग तपासायला म्हणून बॅटरीला थेट जोडलात तर तुमच्या डोळ्यांदेखत जळेल. प्लगवर छापलेलं व्होल्टेज वाचल्याशिवाय वायर लावू नका.

इथली एक माझी चूक सांगतो. एका व्हॅनला असाच धूर होता. चारही प्लग काढून पाहिले, चारही चांगले. वायरीला टेस्ट लॅम्प लावला, लॅम्प लखलखीत पेटला. रिलेचा टक् आवाजही स्वच्छ येत होता. मी प्लगचा विषय संपवला आणि इंजेक्टरांच्या मागे लागलो. तिसऱ्या दिवशी, दुसरं काही सुचेना म्हणून, प्लग जोडलेले ठेवून त्यांच्या टोकावरचं व्होल्टेज मोजलं, तर जेमतेम सात. रिलेचा कॉन्टॅक्ट जळून काळा झाला होता. टेस्ट लॅम्प अर्धा अँपियरही खात नाही, तेवढा त्यातून जात होता. प्लगनी चाळीस मागितले की रिले हात वर करत होता. तेव्हापासून लोड असतानाचं व्होल्टेज मोजल्याशिवाय मी कोणत्याही जाड वायरीला चांगली म्हणत नाही. प्लगच्या माथ्यावरच्या पट्टीचे नटही सैल आणि गंजलेले निघतात, तेही याच मोजमापात सापडतात.

एवढं झालं की सेल्फ मारा आणि त्या वेळी तीन गोष्टी टिपा. बॅटरीचं व्होल्टेज कुठपर्यंत कोसळतं. साडेनऊच्या खाली गेलं तर नवी बॅटरी असली तरी सेल्फ, अर्थिंगची पट्टी किंवा टर्मिनल बघा. किती सेकंदांत लागते. आणि स्कॅनर दाखवत असेल तर रेल प्रेशर किती वेगाने चढतं. इंजेक्टर उघडायला परवानगी मिळण्यासाठी रेलमध्ये साधारण १५० ते २५० बार (बार हे दाबाचं एकक) लागतात, गाडीनुसार. सेल्फ फिरतोय, प्रेशर रेंगाळत चढतंय आणि उशिरा लागतेय, तर गोष्ट डिझेल पुरवठ्याची आहे. तुमची पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागते, म्हणून तो भाग माझ्या यादीत खाली आहे. पण ‘दुसऱ्या’ हा शब्द मला थोडा खटकतो, म्हणून सोडत नाही.

पुरवठ्यात हवा शिरण्याचा दोष फसवा असतो. टाकी ते पंप हा भाग बऱ्याच गाड्यांत ओढीवर चालतो, दाबावर नाही. म्हणून फिल्टरच्या सीलमधून किंवा पाइपच्या जोडातून हवा आत शिरते, पण डिझेल बाहेर ठिबकत नाही. खाली डाग पडत नाही आणि शंका येत नाही. रात्री डिझेल मागे टाकीकडे उतरतं. तुम्ही फिल्टर बदललाय, म्हणजे नेमका तोच सील नुकताच हलवला गेलाय. तक्रार फिल्टर बदलण्याच्या आधीपासूनची आहे ना, हे आठवून बघा. एक फुकटची चाचणी: एका रात्री गाडी उतारावर तोंड खाली करून लावा, दुसऱ्या रात्री तोंड वर करून. तोंड वर असताना सकाळी जास्त त्रास आणि तोंड खाली असताना कमी, तर हवेचा संशय घट्ट झाला. मग फिल्टर आणि पंपाच्या मधे पारदर्शक पाइपचा तुकडा घाला आणि सेल्फ मारताना बुडबुडे दिसतात का बघा. हँड प्रायमर (डिझेल हाताने पुढे ढकलायचा छोटा पंप) असेल तर सकाळी तो दाबून कडक करा, मग लावा. त्या दिवशी गाडी गुपचूप लागली, तर उत्तर मिळालं.

आता मुख्य शोध: कोणता सिलिंडर? इंजिन लागल्याबरोबर, पहिल्या अर्ध्या मिनिटात, इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) चारही पायांचं तापमान वाचा, सिलिंडरच्या तोंडाजवळ, प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरावरून. तीन झपाट्याने चढतील, जो आळशी आहे तो मागे राहील. उष्णतेचा पत्रा आड येत असेल तर तो आदल्या दिवशीच काढून ठेवा. सकाळी पाना शोधत बसलात की दीड मिनिट संपलं. थर्मामीटर नसण्याच्या काळात आम्ही ओल्या फडक्याने प्रत्येक पायावर एकेक थेंब टाकायचो. जिथे थेंब चुरचुरत नाही तो सिलिंडर थंड. ती युक्ती अजून चालते. चांगला स्कॅनर असेल तर एकेक इंजेक्टर बंद करून बघता येतो. जो बंद केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तोच मुळात काम करत नव्हता.

ही तपासणी करताना दोन गोष्टी करायच्या नाहीत. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांवर आम्ही इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करून सिलिंडर शोधायचो. कॉमन रेलवर ते करायला जाल तर जिवावर बेतेल. चालू इंजिनात आयडलला (रेस न देता) ३०० बारच्या आसपास आणि रेस दिल्यावर हजार-दीड हजाराच्या वर दाब असतो. ती बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि त्यामुळे बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. दुसरं, इंजिन चालू असताना इंजेक्टरचा कनेक्टर ओढायचा नाही. पिएझो इंजेक्टर (विजेने फुगणाऱ्या स्फटिकाने उघडणारा) असेल तर तो उघड्या अवस्थेत अडकू शकतो आणि सिलिंडरमध्ये डिझेल ओतत राहतो.

समजा थंड सिलिंडर तिसरा निघाला. तिसऱ्याचा प्लग मेलेला असेल तर शोध जवळपास संपला. प्लग बदला आणि पुन्हा एक थंड सकाळ बघा. प्लग चांगला, व्होल्टेजही चांगलं, तरी तिसराच आळशी, तर मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे जा. इंजेक्टर दोषी ठरवायला सगळीकडे एकच चाचणी केली जाते: रिटर्नच्या नळ्यांना चार बाटल्या लावून कोण किती मागे सोडतो ते मोजणं. चाचणी चांगली आहे, पण ती काय सांगते ते नीट समजलं पाहिजे. ती इंजेक्टरच्या आतल्या व्हॉल्व्हची गळती दाखवते. ती गळती वाढली की रेलमध्ये प्रेशर उभं राहत नाही आणि गाडी उशिरा लागते. नोझलच्या टोकातून ठिबकणं ती दाखवत नाही, आणि सकाळच्या धुराला कारणीभूत असतं ते बहुधा ठिबकणंच. नोझल नीट बसत नसेल तर फवाऱ्याऐवजी मोठे थेंब पडतात, थंड हवेत ते जळत नाहीत. गरम पिस्टनवर मात्र ते वाफ होऊन खपून जातात. म्हणजे चारही बाटल्या सारख्या भरल्या म्हणून इंजेक्टर सुटले असं नाही, आणि एक जास्त भरली म्हणून तुमच्या धुराचं कारण सापडलं असंही नाही. नोझलचं टेस्ट बेंचवरच (इंजेक्टर बाहेर काढून तपासायच्या यंत्रावर) कळतं.

बेंचवर न्यायच्या आधी एक अदलाबदल करून बघण्यासारखी असते. तिसऱ्याचा इंजेक्टर पहिल्यात, पहिल्याचा तिसऱ्यात, नवे तांब्याचे वॉशर घालून, आणि इंजेक्टरला कोड असेल तर तोही स्कॅनरवर बदलून. दुसऱ्या दिवशी थंडपणा पहिल्या सिलिंडरकडे गेला तर इंजेक्टर दोषी. तिसऱ्यातच राहिला तर इंजेक्टर सुटला. बऱ्याच गाड्यांत हाय प्रेशर पाइप एकदा सोडला की नवा घालायला सांगितलेलं असतं, ते आधी बघून ठेवा, आणि पाइप उघडण्याआधी सगळा भाग स्वच्छ करा; धुळीचा एक कण नव्या इंजेक्टरलाही पुरतो. काढताना इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा चिकट थर दिसला, किंवा चालू इंजिनात ‘चफ-चफ’ असा श्वासासारखा आवाज येत असेल, तर वॉशर गळतोय. दाबलेली हवा तिथून निसटते आणि नुसत्या वॉशरचं काम इंजेक्टरच्या नावावर खपतं.

बेंचवर एक खराब निघाला तर चारही बदलायचे का, यावर मतं वेगळी असतील. माझं मत: चारही बेंचवर पाठवा, जे नापास होतील तेवढे बदला. नापास झाल्याशिवाय भाग बदलायला इंजेक्टर काही टायमिंग बेल्ट नाही. हीटर प्लगचं मात्र उलट. ते एकाच दिवशी बसलेले, सारखेच तापलेले असतात. एक मेला की बाकीचे फार दिवस टिकत नाहीत. ते चारही बदलावेत.

कॉम्प्रेशन शेवटी ठेवलंय, कारण त्याला प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात. त्याआधी सेल्फ फिरताना करंट मोजणारी चाचणी करता येते: इंजिन न लागू देता सेल्फ फिरवायचा, प्रत्येक सिलिंडर दाबताना करंटची एक लाट उठते, जी लाट बुटकी तो सिलिंडर कमजोर. गेजने मोजलं तर चांगल्या डिझेल इंजिनात २५ ते ३० बार मिळतात. २०च्या खाली गेलं की सकाळचा त्रास सुरू होतो. एकट्या आकड्यापेक्षा चारांतला फरक महत्त्वाचा. तीन सत्तावीसवर आणि एक एकवीसवर, तर आणखी पुरावा नको. पेट्रोल इंजिनात कमजोर सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात, ऑइलने आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. डिझेलमध्ये ती युक्ती जपून वापरा. पिस्टनवरची जागा इतकी कमी असते की चार थेंब जास्त पडले तरी आकडा फुगतो आणि तुम्हाला रिंगा बदलायला लावतो. कॉम्प्रेशनचा त्रास एका रात्रीत येत नाही, हेही लक्षात घ्या. दर महिन्याला सेल्फ थोडा जास्त मारावा लागतोय, धूर थोडा जास्त वेळ टिकतोय, असं वर्षभर चाललं असेल तर तिकडे बघा.

ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी गाडी थरथरते, पण ती गरम झाल्यावरही आयडलला कुरकुरत राहते आणि धूर काळपट असतो, म्हणून तुमच्या बाबतीत तो मागे. इंजिन माउंटिंग किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचजवळचं दोन भागांचं जड चाक) गेलं असेल तर गाडी हलते, पण एक्झॉस्टचे पाय चारही सारखे तापतात आणि धूर येत नाही. डिझेलचाही हात असू शकतो. सीटेन नंबर (डिझेल किती पटकन पेटतं ते सांगणारा आकडा) कमी असेल तर पेटायला उशीर लागतो, थंडीत खडखड आणि पांढरा धूर दोन्ही वाढतात. युरोपातल्या ईएन ५९० मानकात किमान ५१ धरलाय. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेलं डिझेल असेल तर ते संपवून ताजं भरून पाहा, आणि फिल्टरच्या तळातलं पाणी काढा. जुनी, यांत्रिक रोटरी पंपाची व्हॅन असती तर मी आधी पंपावरचं थंडीत टायमिंग पुढे नेणारं यंत्र चालतंय का ते पाहिलं असतं. ते अडकलं की डिझेल उशिरा फवारलं जातं आणि सकाळी हाच धूर येतो.

प्लग काढायची वेळ आली तर घाई नको. सव्वादोन लाख किलोमीटर एकाच जागी बसलेला प्लग हेडमध्ये चिकटलेला असतो आणि तो तुटून आत राहिला की हेड उतरवायची पाळी येते. आदल्या दिवशी मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा, इंजिन गरम करा आणि गरम असतानाच टॉर्क रेंचने जोर मोजत सोडवा. ८ मिलिमीटर आट्याच्या प्लगला २० न्यूटन मीटर आणि १० मिलिमीटरच्या प्लगला ३५ याच्या पलीकडे जोर लावायचा नाही. सुटला नाही तर थोडं घट्ट करा, थोडं सैल करा, पुन्हा तेल सोडा, उद्या परत या. नवा बसवताना आटे आणि भोक साफ करा. काजळी राहिली तर नवा प्लगही त्या काजळीत टोक खुपसून बसतो.

हे सगळं होईपर्यंत गाडी चालवता येईल, पण काही पथ्यं आहेत. सकाळी धूर घालवायला जोरात रेस देऊ नका, थंड टर्बोला ऑइल पोचलेलं नसतं. लागताच दीड मिनिट आयडलला ठेवा, मग हळू निघा. लवकर लागावी म्हणून एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारायचा मोह तर अजिबात नको. हीटर प्लग लाल असताना ईथर आत गेलं की ते वेळेआधी पेटतं आणि पिस्टन किंवा रिंगा फुटतात. आणि दर दोन-तीन दिवसांनी डिपस्टिक बघा. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल बदला आणि मगच पुढची सकाळ तपासणीला घ्या.